चॅप्टर ७ की चॅप्टर १३: अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरने नोकरीच्या बाजूने काय बघावं

क्रेडिट कार्डं, दवाखान्याची बिलं आणि एखादं जुनं गाडीकर्ज एकदम अंगावर आलं की अमेरिकेत वकील दिवाळखोरीचे दोन रस्ते सांगतो. चॅप्टर ७ म्हणजे विकण्याजोगं असेल ते ट्रस्टीच्या, म्हणजे केस सांभाळायला नेमलेल्या माणसाच्या, हवाली करायचं आणि बहुतेक कर्जातून काही महिन्यांत सुटायचं. चॅप्टर १३ म्हणजे तीन ते पाच वर्षं ठरलेले हप्ते भरायचे आणि शेवटी उरलेलं माफ करून घ्यायचं. वकील हिशेब कर्जाच्या बाजूने मांडतो, ते त्याचं कामच आहे. ड्रायव्हरला मात्र आधी हे कळायला हवं असतं की पुढची कंपनी कामावर घेईल का.

बहुतेक कंपन्या घेतात. ड्रायव्हर घेताना काय तपासायचं हे केंद्राच्या नियमांत लिहिलेलं आहे: मागच्या ३ वर्षांचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, आधीच्या मालकांकडून सुरक्षिततेची माहिती, मेडिकल कार्ड, आणि जानेवारी २०२० पासून ड्रग-अल्कोहोल क्लिअरिंगहाऊस, म्हणजे ड्रायव्हरांच्या नशेच्या चाचण्यांतल्या उल्लंघनांची केंद्राची नोंदवही. अनेक कंपन्या त्याशिवाय पीएसपी हा केंद्राच्या नोंदींवरचा अहवाल काढतात. त्यात ५ वर्षांचे अपघात आणि ३ वर्षांच्या रस्त्यावरच्या तपासण्या दिसतात. या यादीत कर्ज कुठेच नाही. हॅझमॅटसाठी, म्हणजे घातक माल वाहण्याच्या परवान्यासाठी, टीएसए ही केंद्राची वाहतूक सुरक्षा संस्था जी चौकशी करते तिच्या अपात्रतेच्या यादीतही दिवाळखोरी नाही. डॉकवर मागे घेताना ठोकलेला ट्रेलर तुम्हाला दिवाळखोरीपेक्षा जास्त महागात पडेल.

तरी काही मालक क्रेडिट, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बघतात, विशेषतः महागडा माल किंवा रोकड हाताळायची असेल तेव्हा. त्यासाठी त्यांना सहसा वेगळ्या कागदावर कळवून तुमची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि त्या अहवालावरून नकार द्यायचा असेल तर आधी अहवालाची प्रत द्यावी लागते. ओरिएंटेशनच्या, म्हणजे कामावर रुजू होतानाच्या, दिवशी पुढ्यात येणाऱ्या गठ्ठ्यात हा कागद असतो आणि बहुतेक जण न वाचता सही करतात. कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन, ओरेगन, कोलोरॅडो अशा राज्यांनी नोकरीसाठी क्रेडिट तपासण्यावर बंधनं घातली आहेत, अर्थात अपवादांसह.

माझ्या मते सगळा निर्णय फिरतो तो पुढच्या मुद्द्यावर. दिवाळखोरी कायद्याचं कलम ५२५ सरकारी खात्यांना सांगतं की केवळ दिवाळखोरीमुळे कुणाला नोकरी नाकारू नका. खासगी मालकाला ते सांगतं की केवळ त्या कारणाने कामावरच्या माणसाला काढू नका, त्याला दुय्यम वागणूक देऊ नका. नव्या उमेदवाराला नाकारण्याबद्दल मात्र खासगी मालकावर तसं बंधन नाही. २०१० आणि २०११ मध्ये तीन वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी हाच अर्थ लावला. म्हणजे कामावर असताना दिवाळखोरीचा अर्ज केलात तर कायदा तुमच्या पाठीशी आहे, आणि दोन नोकऱ्यांच्या मधे केलात तर फारसा नाही. कंपनी बदलायचं मनात असेल तर आधी बदला, पगार सुरू होऊ द्या, मग अर्ज करा. वेतनजप्ती डोक्यावर असेल तर मात्र इतकं थांबता येत नाही. साध्या कर्जासाठी हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत कापलं जाऊ शकतं, आणि दोन्हींपैकी कुठलाही अर्ज दाखल होताच ती कापणी थांबते.

आता पगारी ड्रायव्हरपुरतं बोलू. चॅप्टर ७ बहुधा चार-सहा महिन्यांत उरकतं. पे-रोलशी त्याचा संबंध येत नाही, त्यामुळे कापणी आधीच चालू नसेल तर ऑफिसला कळण्याचं कारणही नसतं. अट एवढीच की उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नाखाली असावं, किंवा खर्च वजा जाता फारसं उरू नये. नोंद अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं क्रेडिट अहवालात राहते. चॅप्टर १३ ची नोंद क्रेडिट अहवाल बनवणारे ब्युरो सहसा ७ वर्षांनी काढतात, आणि त्यावरून ते 'सौम्य' असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्या ७ वर्षांतली पाच तर हप्ते भरण्यातच जाऊ शकतात. न्यायालय हप्ता थेट पगारातून कापायचा आदेश मालकाला देऊ शकतं, म्हणजे पे-रोलवाल्या बाईंना सगळं कळलं. बऱ्याच ठिकाणी बँकेतून परस्पर भरायची मुभा मिळते, पण ती वकिलाला आधीच मागायला सांगावी लागते. नवं कर्ज काढायचं तर परवानगी, नोकरी बदलली तर कळवायचं. मैलांवर पगार असलेल्याचा जानेवारी आणि जून सारखा नसतो. दोन आठवडे ट्रक वर्कशॉपमध्ये पडून राहिला की हप्ता चुकतो, आणि हप्ते चुकत गेले की केस रद्द होऊन पूर्ण कर्ज परत उभं राहतं. घराचे थकलेले हप्ते फेडून घर वाचवायचं नसेल, तर कंपनीचा ट्रक चालवणाऱ्याने पाच वर्षं का अडकून पडावं, हे मला तरी कळत नाही.

स्वतःचा ट्रक असेल तर हिशेब उलटतो. चॅप्टर ७ मध्ये व्यवसायाच्या साधनांना मिळणारं संरक्षण राज्याप्रमाणे बदलतं, आणि अनेक ठिकाणी ते काही हजार डॉलरच असतं. कर्जमुक्त ट्रक ट्रस्टी विकू शकतो. चॅप्टर १३ मध्ये ट्रक तुमच्याकडे राहतो, थकलेले हप्ते योजनेत घालता येतात, आणि आणखी एक मोठी सवलत आहे जी फार जणांना ठाऊक नसते. ट्रक धंद्यासाठी घेतलेला असेल आणि कर्ज वर्षापेक्षा जुनं असेल, तर तारण म्हणून फक्त ट्रकची आजची किंमत धरायला न्यायालयाला सांगता येतं. समजा कर्ज ९०,००० डॉलर आणि ट्रकला आज ५०,००० येतात. मग वरचे ४०,००० विनातारण कर्ज म्हणून क्रेडिट कार्डाच्या रांगेत जाऊन बसतात. २०२२ च्या तेजीत चढ्या भावाने जुना ट्रक घेतलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

ओनर-ऑपरेटरला, म्हणजे स्वतःचा ट्रक चालवणाऱ्याला, दिवाळखोरी नडते ती रिक्रूटरकडे नव्हे, तर विमा, इंधन कार्ड आणि पुढच्या ट्रकच्या कर्जाशी. साधा माल भाड्याने वाहायला किमान ७,५०,००० डॉलरचं दायित्वाचं कवच लागतं, आणि अनेक विमा कंपन्या हप्ता ठरवताना क्रेडिट बघतात. अशा वेळी 'क्रेडिट चेक नाही' म्हणत लीज-पर्चेसवाले, म्हणजे ट्रक भाड्याने देऊन हप्त्याहप्त्याने तो तुमचा होईल असं सांगणारे, येतात. सांभाळून. केंद्राने नेमलेल्या टास्क फोर्सने २०२५ च्या सुरुवातीला या योजनांवर बंदीच घालावी अशी शिफारस केली.

आपल्या लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. दोन्ही अर्जांत जगात कुठेही असलेली मालमत्ता दाखवावी लागते. पुण्यातला फ्लॅट, सातबाऱ्यावर भावांसोबत लागलेलं नाव, एनआरई ठेव, आईने दिलेलं सोनं, सगळं. शपथेवर दिलेल्या माहितीत हे लपवलं तर माफी नाकारली जाते आणि फौजदारी प्रकरणही होऊ शकतं. गावाकडच्या जमिनीचा मोठा हिस्सा असेल तर चॅप्टर ७ ला हात घालण्याआधी तिचं काय होईल हे वकिलाला सरळ विचारा. अर्जाच्या तोंडावर हक्कसोड करून देणं हा उपाय नाही. तेही ट्रस्टी उकरून काढू शकतो.

लायसन्सची भीती बऱ्याच जणांना असते, ती बहुतांशी अनाठायी आहे. अपघाताची भरपाई न भरल्याबद्दल, दिवाळखोरीत ती माफ झाल्यावरही, अ‍ॅरिझोना लायसन्स रोखत असे. १९७१ मध्ये पेरेझ विरुद्ध कॅम्बेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. मुलांच्या पोटगीची थकबाकी मात्र कुठल्याच चॅप्टरमध्ये माफ होत नाही, आणि तिच्यापायी राज्य सीडीएल, म्हणजे ट्रक चालवायचं व्यावसायिक लायसन्ससुद्धा, निलंबित करू शकतं. तुमचा मुख्य बोजा तोच असेल, तर चॅप्टर १३ मध्ये ती थकबाकी हप्त्यांत बसवता येते. चॅप्टर ७ तिथे कामाचं नाही.

नोकरीच्या अर्जात दिवाळखोरीबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. ही सार्वजनिक नोंद आहे, शोधणाऱ्याला सापडते, आणि अर्जात खोटं लिहिल्यावरून काढलं तर कलम ५२५ वाचवायला येत नाही.

टेक्सास, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या राज्यांत साध्या ग्राहककर्जासाठी पगार कापायला जवळपास मनाई आहे. तिथे राहत असाल, नावावर घर-जमीन नसेल आणि कर्ज जुनं असेल, तर कुठलाच अर्ज न करणं हाही विचारात घ्यायचा पर्याय आहे. कंपनीचं मुख्यालय दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या न्यायालयातून पगाराला हात लागतो का, एवढं तेवढं आधी विचारून घ्या.