चाकणची पोलो की रांजणगावची अबार्थ? ट्रॅक डेसाठी जुनी गाडी घेताना

ट्रॅक डे म्हणजे स्वतःची गाडी रेसट्रॅकवर वेगात चालवण्याचा दिवस. त्यासाठी पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर जा किंवा कोइम्बतूरच्या २.१ किलोमीटरच्या कारी ट्रॅकला, एका बाजूचं अंतर साधारण बाराशे किलोमीटर. दरवेळी फ्लॅटबेड (गाडी लादून नेणारा ट्रक) परवडत नाही. म्हणजे गाडी खंबाटकी चढून स्वतःच्या चाकांवर जाणार, तिथे वीस-वीस मिनिटांची चार-पाच सेशन्स तापणार आणि त्याच टायरवर घरी येणार. जुनी गाडी निवडताना आणि तिच्यात काय बदलायचं हे ठरवताना ताकदीच्या आकड्याआधी याचा विचार करा.

आवाक्यातल्या किमतीत खरी निवड दोन गाड्यांमध्ये आहे, आणि दोन्ही पुणे जिल्ह्यातच बनल्या. रांजणगावची फियाट अबार्थ पुंटो २०१५ च्या ऑक्टोबरात आली: १.४ लिटर टी-जेट टर्बो इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. चाकणची फोक्सवॅगन पोलो मात्र एक गाडी नाही, दोन आहेत. २०१३ पासूनची जीटी टीएसआय म्हणजे १.२ लिटर, १०५ पीएस आणि सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० पासूनची १.० टीएसआय ११० पीएसची, सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये मिळणारी. टॉर्क दोन्हींचा १७५ न्यूटन मीटर. जाहिरातीत नुसतं ‘पोलो टीएसआय’ लिहिलेलं असतं, तेव्हा आधी विचारा कुठली ते.

डीएसजीवाली पोलो ट्रॅकसाठी मुद्दाम विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो गिअरबॉक्स वाईट म्हणून नव्हे. त्याचे दोन्ही क्लच कोरडे असतात, त्यांना थंड ठेवायला तेल नसतं. हिंजवडीच्या रांगेत रोज तासभर पहिल्या-दुसऱ्यात सरपटलेल्या गाडीचे क्लच आधीच झिजलेले असतात आणि ट्रॅकवर त्यात उष्णतेची भर पडते. परीक्षा सोपी आहे. गाडी अर्धा तास गर्दीतून चालवा आणि मग ॲक्सिलरेटर न देता दुसऱ्यातून पहिल्यात येऊ द्या. धडधड जाणवली तर क्लचपॅकचा खर्च ठरलेला. गिअर पडायला मध्येच वेळ लागला किंवा गिअरचा आकडा लुकलुकला तर मेकॅट्रॉनिकवर (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटवर) संशय घ्या, तो खर्च त्याहून मोठा. १.२ इंजिनाला टायमिंग चेन आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड झाली तर चेन आणि टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) बदलणं आलं. गाडी आधीच दारात असेल तर एखादा ट्रॅक डे करा, पण तिच्यावर पैसे ओतू नका.

उरली खरी लढत: अबार्थ विरुद्ध १.० मॅन्युअल.

सरळ रस्त्यावर अबार्थ पुढे निघते, त्यात वाद नाही. चेन्नईच्या लांब सरळ टप्प्यांवर तो फरक दिसतो. कारी आखूड आणि वळणदार, तिथे तो बराच आटतो आणि ब्रेक कोण उशिरा मारतं याला महत्त्व येतं. अबार्थची अडचण उष्णतेची आहे. टी-जेटमध्ये इंजिन ऑइल जेमतेम तीन लिटर मावतं, १.० टीएसआयमध्ये चार. तीन लिटर तेलाने टर्बो आणि इंजिन दोन्ही सांभाळायचं म्हटल्यावर ते लवकर पातळ होतं. म्हणून अबार्थमध्ये प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी आणि नंतर चांगलं सिंथेटिक तेल बदलायचं, पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवायची आणि सेशन पंधरा मिनिटांत आटपायचं. दोन-तीन ट्रॅक डे झाल्यावरही हौस टिकली तर ऑइल कूलर बसवा, पण थर्मोस्टॅटसहच. नाहीतर परतीच्या हायवेवर तेल नीट तापणारच नाही.

अबार्थ घेताना बॉनेट उघडून थंड इंजिन सुरू करा आणि एक्झॉस्टच्या बाजूला कान द्या. टिकटिक आवाज येऊन गाडी तापल्यावर तो गेला, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीला) तडा आहे किंवा तो धरणारा स्टड तुटलेला आहे. तापल्यावर धातू फुगतो आणि फट बुजते, म्हणून विकणारा गाडी नेहमी आधीच गरम करून ठेवतो. टर्बोला तेल नेणाऱ्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते, ती तेलाच्या काजळीने तुंबते आणि टर्बो उपाशी मरतो. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं समजून भाव करा. फियाटने पुंटो बंद करून बरीच वर्षं झाली. सर्वसाधारण भाग मिळतात, लिनिया टी-जेटचेही काही उपयोगी पडतात, पण इंजिनाच्या खास भागासाठी महिनाभर थांबायची तयारी हवी. पोलोचं तसं नाही. व्हेंटो आणि रॅपिडमुळे नाना पेठेपासून कुदळवाडीपर्यंत काहीतरी मिळतंच.

चाकांचा प्रश्न वरून किरकोळ वाटतो, पण अबार्थच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. तिचे चार बोल्ट ९८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत. बाजारातली बहुतेक चार बोल्टांची अलॉय चाकं १०० ची. दुकानदार म्हणतो, ‘दोन मिलिमीटरने काय होतंय!’ प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटर तिरका जातो, त्याचा शंकू चाकाच्या बैठकीवर एकाच बाजूने टेकतो. पान्याला ते घट्ट लागतं, पण वळणात बाजूचा जोर आला की बोल्ट सैल होतो किंवा वाकून मोडतो. म्हणून एकतर मूळ अलॉय ठेवा, नाहीतर ९८ चीच शोधा. चाकाचं मधलं भोक मोठं असेल तर भोसरीच्या एखाद्या टर्निंगवाल्याकडून आतून ५८.१ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची रिंग करून घ्या; प्लॅस्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेने वितळते. नवीन भोकं मात्र कुणालाही पाडू देऊ नका. पोलोला पाच बोल्ट, १०० चं वर्तुळ. तिथे चाकं सहज मिळतात.

कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या वरच्या बाजूला आत झुकाव देण्यात, मात्र अबार्थ सरस. तिचा पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्झॉर्बरचा खांब) नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो, त्यामुळे कॅम्बर बोल्ट बसवून उणे दीड अंशापर्यंत जाता येतं, तेही किरकोळ खर्चात. पोलोचा स्ट्रट नकलमध्ये खोचून आवळलेला असतो, तिथे कॅम्बर बोल्टचा उपयोग नाही. वरची ॲडजस्टेबल प्लेटच लागते. कॅम्बर न देता दिवसभर ट्रॅकवर फिरलात तर पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा संध्याकाळपर्यंत खरवडून निघतो, आणि त्याच टायरवर बाराशे किलोमीटर परत यायचं असतं.

ब्रेकच्या बाबतीत चार डिस्क विरुद्ध मागचे ड्रम, या मुद्द्यावर बहुतेक जण अबार्थला गुण देतात. आम्ही तो फारसा मोजत नाही. पुढच्या इंजिनाच्या, हलक्या शेपटीच्या गाडीत बहुतेक काम पुढचे ब्रेकच करतात. पोलोला मागे डिस्क लावण्यात पैसे घालू नका, एबीएसचा समतोल बिघडतो. दोन्ही गाड्यांना आधी करायचं काम एकच: ब्रेक फ्लुइड. साध्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. पुण्याचे दोन पावसाळे पाहिलेलं फ्लुइड ट्रॅकवर उकळतं, वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. मोतुल आरबीएफ ६०० सारखं फ्लुइड कोरडं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या आणा आणि जुनं पूर्ण बाहेर पडेपर्यंत नवीन सोडत राहा. ते साध्यापेक्षा लवकर ओलावा धरतं, म्हणून दरवर्षी बदला.

त्यानंतर पॅड. पूर्ण रेसिंगचे पॅड घेऊ नका, थंड असताना ते धरत नाहीत आणि सकाळी कात्रजच्या उतारावर पहिल्याच ब्रेकला घाम फुटतो. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठीचे मधल्या दर्जाचे घ्या. बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ऐंशीवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा दाबा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं नुसती चालवा. ट्रॅकवर शेवटची फेरी ब्रेक न तापवता मारायची, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

अबार्थचा आणि पोलोच्या वरच्या व्हेरियंटचा टायर एकच, १९५/५५ आर१६. चांगले रस्त्याचे टायर घ्या, सेमी-स्लिक (जवळपास नक्षी नसलेले ट्रॅकचे टायर) नको. परतीला पाऊस गाठला तर ते घसरतात. थंड असताना २८-३० पीएसआय ठेवा, पहिल्या सेशननंतर मोजून गरम प्रेशर ३५ च्या आसपास आणा. चाकाचे बोल्ट थंड झाल्यावर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. पोलोला १२० न्यूटन मीटर.

नुसत्या स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवण्याचा मोह दोन्हींत टाळा. अबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स मुळात १५५ मिलिमीटर. ३० गेले की १२५ उरतात, आणि बाणेरच्या स्पीडब्रेकरवर पोट घासतं. त्याहून वाईट म्हणजे मूळ शॉकॲब्झॉर्बरचा प्रवास कमी होऊन वळणाच्या मध्यावर तो बंप स्टॉपला (शेवटच्या रबरी अडसराला) टेकतो आणि गाडी अचानक सरळ जायला लागते. बदलायचेच असतील तर शॉक आणि स्प्रिंग जोडीनेच बदला. ईसीयू ट्यून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून ताकद वाढवणं, सगळ्यात शेवटी. पोलोला त्याने जान येते, हे खरं. अबार्थमध्ये मात्र आधीच पातळ होणाऱ्या तीन लिटर तेलावर आणखी ओझं पडतं.

मग घ्यायची कोणती? पहिलीच ट्रॅकची गाडी असेल, रोज ऑफिसलाही तीच न्यायची असेल, तर १.० टीएसआय मॅन्युअल. घरात दुसरी गाडी आहे, एक्झॉस्टची टिकटिक ओळखणारा मेकॅनिक ओळखीचा आहे आणि भागांसाठी थांबायची तयारी आहे, तर अबार्थ; तिच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्ता जसा हाताला कळतो तसा पोलोत कळत नाही. हातात बरेच जास्त पैसे असतील तर २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, २३० पीएस आणि ओल्या क्लचचा डीएसजी. पण ती जड आहे, पॅड आणि टायर त्याच हिशेबाने खाते.

दोन कागदी गोष्टी राहिल्या. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती अधोरेखित केली. त्यामुळे मूळ एक्झॉस्ट, मूळ स्प्रिंग आणि मूळ चाकं विकू नका, माळ्यावर ठेवा. आणि विम्याच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा: रेसिंग आणि वेगचाचणी तिथे वगळलेली असते, म्हणजे ट्रॅकवर ठोकलेल्या गाडीचा खर्च स्वतःच्या खिशातून भरावा लागेल असं धरूनच बजेट करा.