शाळेआधी आणि शाळेनंतर: काकूंचं पाळणाघर, डे-केअर की घरी मावशी?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, असं राज्य सरकारनं २०२४ मध्ये शाळांना सांगितलं. मुलांची झोप होऊ लागली ही चांगली गोष्ट. पण डोंबिवली-बदलापूरहून साडेसातची लोकल पकडणाऱ्या आईबापांना आधी फक्त दुपारची चिंता होती, आता सकाळचीही सोय बघावी लागते. ऑफिसातल्या पाळणाघरावर भिस्त ठेवू नका. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनी पाळणाघर द्यावं, असं २०१७ पासून कायदा म्हणतो खरा, पण तिथली व्यवस्था अगदी लहान मुलांची. दुसरीतलं पोर तिथं काय करणार?

आजी-आजोबा जवळ असतील आणि त्यांचे गुडघे साथ देत असतील, तर पुढचं वाचायची गरज नाही.

शाळेतच थांबायची सोय असेल तर आधी ती बघा, कारण व्हॅनची एक फेरी वाचते. ती नसेल तर खरी निवड काकू आणि डे-केअर यांच्यात. सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या काकू सातला दार उघडतात. व्हॅनवाल्या काकांना घर पाठ असतं. दुपारी गरम वरणभात मिळतो. अंगात थोडी कणकण असली तरी काकू पोराला आतल्या खोलीत झोपवतात आणि तुम्हाला फोन करतात. डे-केअरवाले ताप म्हटला की ‘आज नको’ म्हणतात, आणि इतर मुलांचा विचार केला तर त्यांचंही बरोबरच आहे. काकूंचा कच्चा दुवा एकच: सगळा कारभार एकटीवर. भाचीच्या लग्नाला गावी गेल्या की पाळणाघर बंद. शिवाय दुपारभर टीव्ही चालू असतो का, हे न सांगता एकदा डोकावून बघा.

डे-केअरचं वजन पडतं ते मे महिन्यात आणि दिवाळीत. शाळा बंद, ऑफिस चालू, आणि तिथं दिवसभराची सोय होते. कॅमेरे असतात, पावती मिळते, एक ताई रजेवर गेली तर दुसरी असते. मात्र बरीचशी केंद्रं तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मांडलेली असतात. नऊ वर्षांच्या मुलाला रंगीत छोट्या खुर्चीवर बसवलं की आठवड्याभरात कुरकुर सुरू होते. सकाळी शटर किती वाजता उघडतं, संध्याकाळी उशीर झाल्यास किती जादा लावतात आणि मे महिन्याची फी वेगळी आहे का, हे प्रवेशाआधीच विचारा.

घरी येणाऱ्या मावशी सोयीच्या वाटतात: मूल स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. पण बघणारं तिसरं कुणी नाही, आणि मावशींचा खाडा म्हणजे तुमची रजा. शेजारी कुणाचं लक्ष असेल तरच हा पर्याय घ्यावा. चित्रकला, अबॅकस, कराटे असे क्लास जोडून वेळ भरून काढणारेही आहेत. एका क्लासहून दुसरीकडे पोराला नेणार कोण, इथं ते गणित फसतं.

माझी कसोटी जुलैची: धो धो पाऊस, शाळा अकरालाच सोडली, लोकल ठप्प. तेव्हा कुणाचं दार उघडं असेल? चौथीपर्यंत माझं मत काकूंना, आणि मेपुरतं डे-केअर. अनेक शाळांत पाचवीपासून सत्र बदलून सकाळचं होतं, मग सकाळची गरज संपते आणि मोकळी दुपार पदरात पडते. म्हणून चौथीच्या पुढची फी आगाऊ भरू नका.