तयार मृत्युपत्राचा फॉर्म: ‘मुलांचा हिस्सा’ या रकान्यात अडकू नका

मुंबईत कोर्टाच्या आसपास स्टेशनरीवाल्यांकडे मृत्युपत्राचा छापील फॉर्म मिळतो, ऑनलाइनही असे नमुने आहेत. एक फ्लॅट, दोन-चार मुदत ठेवी आणि घरात वाद नाही, एवढ्याला तो पुरतो. मुलाला किंवा मुलीला काही द्यायचंच नसेल तर मात्र तो उघडा पडतो.

‘मुलांचा हिस्सा’ हा रकाना पाहून अनेकांना वाटतं, मुलांना काहीतरी ठेवावंच लागतं. हिंदूंच्या स्वकष्टार्जित मिळकतीबाबत तशी सक्ती नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या कलम 30 नुसार ती कोणालाही देता येते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र मुलाचा, आणि 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचाही, जन्मतः वाटा असतो. तिथे मृत्युपत्र फक्त तुमच्या वाट्यापुरतं चालतं. अज्ञान (18 वर्षांखालचा) मुलगा किंवा अविवाहित मुलगी वगळली, तरी ती मिळकतीतून पोटगी मागू शकतात. मुस्लिमांना साधारणपणे एकतृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं. गोव्याच्या कायद्यात मुलांसाठी अर्धी मिळकत राखीव असते, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोवेकराच्या मुंबईतल्या मिळकतीलाही तोच कायदा लावला. कोणता कायदा लागू, मिळकत कुठल्या प्रकारची, हे विचारायला फॉर्ममध्ये जागाच नसते. हा त्याचा सर्वांत मोठा दोष.

दुसरा दोष, कारणासाठी ओळ नसते. कारण लिहायची कायद्यानं सक्ती नाही, पण सख्खा वारस का वगळला हे कोर्ट पाहतंच. नाव नुसतं गाळलं की ‘बाबा भानावर नव्हते’ म्हणायला वाव मिळतो. म्हणून नाव घेऊन लिहा: ‘थोरल्या मुलाला घर घेताना पैसे दिले आहेत, म्हणून या मिळकतीत त्याला वाटा ठेवलेला नाही.’ शिवीगाळ नको, दोन ओळी पुरतात.

फ्लॅटच्या रकान्यात नुसता पत्ता नको. सोसायटीचं नाव, फ्लॅट क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक घाला. सोसायटीतलं नामनिर्देशन (नॉमिनीची नोंद) वेगळं असेल तर तेही बदलून घ्या. नॉमिनी मालक होत नाही, पण घोळ तिथूनच सुरू होतो.

सह्यांची जागा फॉर्ममध्ये ठीक असते. दोन साक्षीदार लागतात. तिघांनी एकाच खोलीत, एकमेकांसमोर, प्रत्येक पानावर सही करावी, खाडाखोडीशेजारीही. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नका. वय झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा. नोटरी लागत नाही, मुद्रांक शुल्कही नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी एखादं मूल वगळलं असेल तर दुय्यम निबंधकाकडे ती करूनच टाका. नंतरचं साधं मृत्युपत्रही आधीचं नोंदलेलं रद्द करू शकतं, तेव्हा जुन्या प्रती घरात विखरून ठेवू नका.