माउथ ऑर्गनची साफसफाई: आठ महिन्यांनंतर

आधीचा माउथ ऑर्गन मी स्वतःच्या हातानं घालवला. मधला सांगाडा लाकडी होता आणि भिजवला की आवाज मोकळा होतो, असं ऐकलं होतं. पंधराच मिनिटं पाण्यात ठेवला. लाकूड फुगून छिद्रांमधले दात बाहेर आले आणि त्यांनी खालचा ओठ सोलून काढला. वाळल्यावर दात आत गेले, पण तेव्हापासून हवा गळायला लागली ती लागलीच. म्हणून आठ महिन्यांपूर्वी प्लास्टिकच्या सांगाड्याचा घेतला. दहा छिद्रांचा, पांढरी एक पट्टीचा, म्हणजे C स्वराचा.

याला पाण्याची भीती नाही. महिन्यातून एकदा कोमट पाण्याखाली धरतो. कढत पाणी मात्र नको, प्लास्टिक वाकडं होऊ शकतं. रोजचं काम त्याहून कमी: वाजवण्याआधी चूळ, वाजवून झाल्यावर छिद्रं खाली करून तळहातावर चार-पाच हलके ठोके. थुंकी निघते. मग पुसून थोडा वेळ उघड्यावर, आणि मगच डबीत. ओला तसाच बंद केला तर दुसऱ्या दिवशी डबी उघडल्याबरोबर नाकाला कळतं.

तिसऱ्या महिन्यात ४ नंबरच्या छिद्रातला, श्वास आत ओढून वाजवायचा रे घरघरायला लागला. खालचं कव्हर दोन स्क्रूंवर असतं. ते काढलं की श्वास आत ओढताना वाजणाऱ्या दहाही रीड, म्हणजे थरथरून सूर काढणाऱ्या पितळी पात्या, समोर उघड्या दिसतात. फुंकायच्या दहा वरच्या धातूच्या पत्र्याला, आतल्या अंगाला. दिव्यासमोर धरलं तर चौथ्या रीडच्या कडेला खिशातल्या कापडाचा एक तंतू. एवढाच! पातळ कागदाची पट्टी रीडखाली सरकवली आणि रिवेटकडून, म्हणजे ती जिथे पक्की बसवलेली असते त्या बाजूकडून, मोकळ्या टोकाकडे अलगद ओढली. आडवं कधीच पुसू नका. पितळेची ती पाती जराशी जरी बाजूला सरकली तरी खाचेच्या कडेला घासते, आणि मग घरघर खरी सुरू होते. तेव्हापासून खिशात ठेवायचा तर डबीसकट.

सहाव्या महिन्यात तोच रे पुन्हा बिघडला. कव्हर काढलं, कागद फिरवला, धुतला, काही फरक नाही. घाण नव्हतीच, सूर उतरला होता. जोर लावून बेंड करत, म्हणजे श्वासानं सूर खाली वाकवत राहिलं की धातू थकतो, आणि त्यावर साफसफाईचा काही उपाय नाही. रीडच्या टोकाजवळ अगदी हलकं घासलं की सूर चढतो. मी ते केलं, जरा जास्तच केलं, आता रे किंचित चढाच आहे. ऐकणाऱ्याला कळत नाही, मला कळतं.

हे सगळं पाहून एका मित्रानं त्याचा क्रोमॅटिक, म्हणजे बाजूच्या बटणानं स्लाइड सरकवून कोमल-तीव्र सूरही वाजवता येणारा माउथ ऑर्गन, धुवायला आणून दिला. त्यात रीडच्या खाचांवर प्लास्टिकच्या पातळ झडपा चिकटवलेल्या असतात. ओल्या झाल्या की चिकटून बसतात. त्याची फक्त अडकणारी स्लाइड काढून धुतली, वाळवून परत बसवली. बाकी कशाला हात लावला नाही.