डी.एल.एड.चा दीड वर्षाचा अनुभव: पैसे वसूल होतात ते शाळेत

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवायचंच असं मनाशी पक्कं असेल तर डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका, आपलं जुनं डी.एड.) जरूर करा. फक्त कॉलेजची इमारत आणि फी बघून फॉर्म भरू नका. ते कॉलेज आंतरवासितेला (म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावाला) कुठल्या शाळेत पाठवतं याची आधी चौकशी करा. दोन वर्षांत खरं काही हाती लागतं ते तिथेच. बाकीचं बरंचसं टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) गाईडमध्ये मिळतं, तेही स्वस्तात.

मी ऐरोलीत राहते, कॉलेज ठाण्यात. बी.कॉम. करून काही वर्षं बॅक ऑफिसमध्ये काढली आणि मग इकडे वळले. घरच्यांचं म्हणणं होतं, आता पदवी आहेच तर बी.एड. कर. पण 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्राथमिकसाठी बी.एड. चालत नाही. आमच्या वर्गात तर बी.एड. होऊन परत डी.एल.एड.ला आलेल्याही आहेत, डब्याच्या सुट्टीत त्यांच्यासमोर हा विषय काढायचा नाही एवढं शहाणपण आम्हाला आलंय. प्रवेशाला पदवी लागत नाही. बारावीला खुल्या गटासाठी 49.5 टक्के पुरतात, त्यामुळे अठरा वर्षांच्या पोरींपासून दोन मुलांच्या आईपर्यंत सगळ्या एका बाकावर.

वर्गातल्या तासांबद्दल फार चांगलं लिहिता येणार नाही. बालमानसशास्त्र शिकवणारे सर उत्तम, एक मॅडम जीव तोडून गणित शिकवतात. पण नोट्स वर्षानुवर्षं त्याच झेरॉक्स होत आलेल्या. एका विषयाच्या नोट्समध्ये सर्व शिक्षा अभियान अजून चालूच आहे, ते 2018 मध्येच समग्र शिक्षेत विलीन झालं याचा पत्ताच नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. 2014 पर्यंत हा सगळा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. आम्हाला हे ‘थोडक्यात टीपा लिहा’ म्हणून चार ओळींत मिळालं. सहल काढली ती वॉटर पार्कला!

फायली हे वेगळंच प्रकरण. पाठ टाचण, म्हणजे धड्याचं लेखी नियोजन: अध्ययन निष्पत्ती, पूर्वज्ञान, प्रस्तावना, विषय विवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय, आणि सगळं सुवाच्य अक्षरात, समास आखून. रात्री बारा वाजता स्केचपेनने शीर्षकं रंगवताना आपण नक्की काय शिकतोय असा प्रश्न पडतो. शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन तर निम्मं स्टेशनबाहेरच्या दुकानातून आलेलं असतं.

आता आंतरवासिता. नियमाने दोन वर्षांत मिळून किमान 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. आमच्या वाट्याला तुर्भ्याकडची महापालिकेची एक शाळा आली. मुलं एपीएमसीच्या घाऊक बाजारात हमाली करणाऱ्यांची, रोजंदारीसाठी नाक्यावर उभं राहणाऱ्यांची, खाणीतल्या मजुरांची. घरी कुणी कन्नड बोलतं, कुणी भोजपुरी, कुणी बंजारा बोली, आणि शाळा मराठी. तीस मुलांमागे एक शिक्षक हा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा हिशोब पुस्तकात वाचला होता. वर्गात पाऊल टाकलं आणि बसायला जागा कुठे करायची इथून सुरुवात झाली.

तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवायची होती. फळ्यावर 52 वजा 27. निम्म्या वर्गाने उत्तर काढलं 35. मी खडू उचलून त्यातल्या एका मुलाला परत सोडवून दाखवणार, तेवढ्यात मागे बसलेल्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “थांब गं. त्यालाच विचार, कसं काढलंस.” पोरगा शांतपणे म्हणाला, “टीचर, दोनातून सात जात नाहीत. मग सातातून दोन काढले.” म्हणजे तो धांदरटपणा करत नव्हता. त्याने स्वतःचा नियम बसवला होता आणि तो इमानाने पाळला होता. बाईंनी कपाटातून आइस्क्रीमच्या काड्या काढल्या, रबर लावलेले दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. “यातल्या सत्तावीस मला दे.” त्याने दोन गठ्ठे दिले, सुट्या दोन दिल्या, मग हातातल्या तीन गठ्ठ्यांकडे बघत राहिला. कुणी काही सांगितलं नाही. जरा वेळाने त्याने एका गठ्ठ्याचा रबर काढला, पाच काड्या मोजून दिल्या आणि उरलेल्या मोजल्या. पंचवीस. “आता हेच पाटीवर लिही,” बाई म्हणाल्या. मूल हाताळता येणाऱ्या वस्तूंवरून विचार करतं ती, पाच गुणांसाठी घोकलेली मानसशास्त्रज्ञ पियाजेची मूर्त क्रियात्मक अवस्था माझ्यासमोर मांडी घालून बसली होती.

हाच मुलगा संध्याकाळी आईबरोबर कोथिंबीर विकतो. पन्नासच्या नोटेतून सत्तावीस रुपये वजा करून सुटे तो डोळे मिटून देतो. सत्तावीसला तीन मिळवून तीस, वर वीस. हे मला कुठल्याही नोट्समध्ये मिळालं नसतं, आणि त्या बाई मागच्या बाकावर नसत्या तर शाळेतही दिसलं नसतं. त्या दिवसापासून टाचणात ‘मुलं इथे कुठे अडतील’ अशी एक ओळ मी स्वतःहून घालते. रकाना छापील नाही, पण सर त्यावरही सही करतात.

नशिबाचा भाग मात्र मोठा आहे. माझी एक मैत्रीण दुसऱ्या शाळेत होती. तिथे छात्राध्यापिका म्हणजे फुकटची बदली शिक्षिका. गुणपत्रकं भरा, रिकामे तास सांभाळा, ऑनलाइन माहिती चढवा. तिच्या पाठांना निरीक्षक यायचे, सही करायचे, जायचे. फी दोघींची सारखीच.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. पदविका हातात आली की टीईटीचा पहिला पेपर, 150 पैकी खुल्या गटाला 90 गुण हवेत. मग टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, 200 प्रश्न दोन तासांत, तिथे वाचायलाही वेळ पुरत नाही. पुढे शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, जिथे भरतीची जाहिरात कधी येईल यावर कुणी पैज लावू नये. 2012 च्या शिक्षक भरतीबंदीनंतर या कोर्सची रया गेली ती उगीच नाही. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं महिना 16,000 रुपये. 2023 च्या आधी ते 6,000 होते, त्यामानाने बरे. पण ऐरोलीत घरभाडं भरून बघा. शिवाय नेमणूक राज्यात कुठेही होऊ शकते.

सध्या शिक्षकखोलीत एक गंमत चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची झाली. त्यामुळे आमच्या बाईंच्या टेबलावर आणि माझ्या पिशवीत एकच गाईड. व्हायगॉट्स्कीचा मानसशास्त्रातला सिद्धांत त्या मला विचारतात, वर्ग कसा शांत करायचा ते मी त्यांना.

नोकरी सांभाळून करू म्हणणाऱ्यांसाठी: तासांना 80 टक्के आणि आंतरवासितेला 90 टक्के हजेरी लागते. सकाळच्या सत्राची शाळा मिळाली तर सातच्या आत हजर व्हावं लागतं, म्हणजे ट्रान्स हार्बरची पहाटेची गाडी. घरापासून सरावाची शाळा किती लांब पडेल हे आधी बघा.

ऑनलाइन पसंतीक्रम भरण्यापूर्वी एकदा कॉलेजच्या गेटवर जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये माहितीपुस्तक मिळतं, खरी माहिती गेटवर. दोनच गोष्टी विचारा: शाळा कुठली मिळते, आणि पाठ झाल्यावर निरीक्षक तुमच्याशी बसून बोलतात का. दुसऱ्या प्रश्नावर त्या एकमेकींकडे बघून हसल्या तर ते कॉलेज यादीत खाली टाका.