गरब्यानंतरच्या पोटऱ्या: घरची तेलमालिश की स्पोर्ट्स मसाज?

नवरात्रात बडोद्यात सलग गरबा खेळला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटऱ्या दगडासारख्या होतात. अशा साध्या दुखण्याला घरची मालिश पुरते. दोन चमचे कोमट तिळाचं तेल घ्यावं, घोट्याकडून गुडघ्याकडे तळव्याने लांब हात फिरवावा, दर पायाला सात-आठ मिनिटं. पाय हलका वाटतो, झोपही छान लागते.

स्पोर्ट्स मसाजमध्ये तेल थोडंच, कारण बोट घसरलं तर स्नायूतली आखडलेली गाठ सापडत नाही. गाठीवर अंगठा तीस सेकंद हळूहळू दाबतात, मग स्नायू ताणतात. दिवसभर खुर्चीत बसून मान आखडते, तिथे हाच सरस. मात्र मसाजने 'लॅक्टिक ॲसिड (व्यायामात स्नायूंत तयार होणारं आम्ल) निघून जातं' असं म्हणतात, हे खरं नाही. ते तासा-दीड तासात आपोआप ओसरतं.

मुलांना खोल दाब नकोच! मल्लखांब करून आलेल्या मुलाला दहा मिनिटं हलका हात पुरे, दुखलं की लगेच थांबायचं.

ताजी मुरगळ दोन-तीन दिवस चोळू नये, सूज वाढते. आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर मालिश अजिबात नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा: शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.