पाव, पोळी, भात की भाकरी? साखर काठावर आलेल्यांसाठी

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी, ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या मध्ये, मधुमेहाच्या काठावर आली आणि डॉक्टरांनी ‘मैदा बंद’ सांगितलं, की घरात पहिला प्रश्न येतो तो ताटात काय वाढायचं याचा.

मैदा आणि कणीक, दोन्ही गव्हाचीच. फरक कोंड्याचा आणि अंकुराचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम मैद्यात तंतू (फायबर) जेमतेम २.८ ग्रॅम, कणकेत ११, ज्वारीत १०, बाजरीत साडेअकरा. पांढरा तांदूळ मैद्याच्याच पंक्तीत. तंतू नसले की पिष्ट झटकन पचतं, साखर उसळते, पाठोपाठ इन्सुलिन. गरजेपेक्षा जास्त खाणं रोज चाललं की यकृत उरलेल्या साखरेची चरबी करतं. पोटात साठलेल्या या चरबीतून शरीरातला दाह (आतली सूज) वाढवणारी रसायनं सुटतात आणि रक्ततपासणीत सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढलेलं दिसतं. उलट तंतूंवर आतड्यातले जिवाणू जगतात; ते तयार करतात ते ब्युटिरेट नावाचं आम्ल आतड्याचं अस्तर धड ठेवतं.

पाव रोज नकोच. ब्राउन ब्रेडचं पाकीट उलटून वाचा. घटकांत पहिलं नाव मैद्याचं असेल तर तोही पावच. पोळी-भाकरीत माझं झुकतं माप भाकरीला, पण कणीक न चाळता घेत असाल तर पोळीही चांगली. नाचणी सत्त्वाची पेज मात्र पौष्टिक म्हणून रोज पिऊ नका, सत्त्व काढताना चोथा गाळून टाकलेला असतो. भात सुटत नसेल तर आधी भाजी-उसळ खा, मग भात. साखरेची उसळी कमी होते.

खरी मेख प्रमाणात आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी अभ्यासात आपल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात असं दिसलं. तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका घटलेला आढळला नाही. थोड्या कर्बोदकांची जागा डाळी किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांनी घेतली तिथे तो कमी होता. म्हणून तीन भाकऱ्या आणि पातळ आमटीपेक्षा दीड भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि दही हे ताट मी निवडेन.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी एकदम निम्मी करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.